इंग्रजीची जकात

आपल्या घरात कोणास घ्यावे व कोणास घेऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचे घर त्याचा. राष्ट्रांनाही हाच न्याय लागू आहे आणि तो आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. इंग्लंडने आपल्या दारास किती कड्या घालाव्यात याविषयी तक्रार करण्याकरिता आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. परंतु दारास कडी घालून ‘ही कडी नव्हे, ही गुणांची पारख आहे’ असे जेव्हा घरधनी सांगू लागतो, तेव्हा त्या सांगण्याची शहानिशा करण्याचा अधिकार बाहेर उभ्या असलेल्या माणसासही पोहोचतो. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

गोष्ट अशी. कुशल कामगार म्हणून ब्रिटनमध्ये जाऊ इच्छिणाऱ्या परदेशी माणसास तेथील सरकार जो परवाना देते, त्यासाठी इंग्रजीच्या ज्ञानाचा पुरावा द्यावा लागतो. २०११ सालापासून ही अट ‘बी-१’ या पायरीची होती. मे २०२५ मध्ये तेथील सरकारने एक श्वेतपत्रिका काढली. तीत केलेल्या संकल्पाप्रमाणे ८ जानेवारी २०२६ पासून नव्या अर्जदारांसाठी ती एक पायरी वर, म्हणजे ‘बी-२’ पर्यंत, चढविण्यात आली. या पायऱ्या युरोपच्या परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या मोजपट्टीच्या होत. ए-१ पासून सी-२ पर्यंत त्या एकंदर सहा आहेत. बी-१ म्हणजे प्रवासात, कामावर, बाजारात फारसे न अडता निभावेल इतकी भाषा. बी-२ म्हणजे अमूर्त विषयांवरील गुंतागुंतीचा मजकूर समजणे आणि जन्मापासून ती भाषा बोलणाऱ्या माणसाशी सहजपणे वादविवाद करता येणे. ही मोजपट्टी मुळात भाषा शिकणाऱ्यांच्या व शिकविणाऱ्यांच्या सोयीसाठी निघाली होती. अंगरखा बेतण्यासाठी केलेली शिंप्याची टेप दरवानाच्या हाती गेली आणि तो तिने येणाऱ्याजाणाऱ्यांची लायकी मोजू लागला, असा हा प्रकार आहे.

पुरावा देण्याचे मार्ग मुख्यत्वे तीन. पहिला नागरिकत्वाचा. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका, माल्टा अशा काही ठरावीक देशांच्या नागरिकास भाषेविषयी काहीच विचारीत नाहीत. माल्टा बेटावर घरोघर माल्टी भाषा बोलली जाते, तरी तेथील माणसाचे इंग्रजी गृहीत धरले जाते. आपल्या देशात उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते, संसदेच्या कायद्यांचे मसुदे इंग्रजीत घडतात, तरी येथील माणसाचे इंग्रजी संशयित! दुसरा मार्ग पदवीचा. इंग्रजीतून घेतलेली पदवी असेल, तर फी भरून तिची पडताळणी तेथील नेमलेल्या संस्थेकडून करवून घ्यावी. तिसरा मार्ग परीक्षेचा. म्हणजे एकास जन्माने सूट, दुसऱ्यास पदवीने, आणि ज्याचे शिक्षण मातृभाषेत झाले त्यास परीक्षेवाचून गत्यंतर नाही. या नियमाचा भार कोणावर पडतो हे एवढ्यावरूनच उघड व्हावे.

आता मालेगावासारख्या मागांच्या गावात बसून लंडनच्या नियमांची उठाठेव कशास, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, भाषा आणि कसब यांचा संबंध काय, हा प्रश्न आमच्या गावाइतका दुसऱ्या कोणास क्वचितच कळेल. मोसम नदी आमच्या गावातून वाहते. तिच्या एका काठास मुख्यत्वे विणकरांची उर्दू, दुसऱ्या काठास मराठी, आणि कसमादे पट्ट्यातील खेड्यांतून बाजारास येणाऱ्या शेतकऱ्यांची अहिराणी. जो येथे चार माग चालवितो तो या तिन्ही बोलींत सौदा करतो. अशा माणसास आपण बेधडक ‘भाषा न येणारा’ म्हणून टाकतो. कारण त्याच्या तीन भाषांत ती एक नसते!

येथील विणकरांचे पूर्वज १८५७ च्या बंडानंतरच्या धामधुमीत उत्तरेकडील विणकरांच्या गावांतून दक्षिणेस आले. त्यांच्याबरोबर हातमागाची विद्या होती आणि त्यांची स्वतःची बोली होती. या गावाने त्यांस मराठी येते की नाही हे वेशीवर उभे करून विचारले नाही. त्यांनी विणलेले लुगडे हातात घेऊन पाहिले. पुढे विजेचे माग आले. त्यांतले कित्येक मुंबईच्या गिरण्यांतून मोडीत निघालेले, आणि मूळचे लँकशायरच्या कारखान्यांत घडलेले. ताण्याचे सूत तुटले म्हणजे मागाचा आवाज कसा बदलतो, धोटा कोठे अडतो, हे त्या इंग्रजी यंत्राने आमच्या माणसास कोणत्या भाषेत शिकविले? ज्या भाषेत हात आणि कान एकमेकांशी बोलतात त्या भाषेत. कसब हे असे असते. ते भाषेच्या आधाराने वाढते हे खरे. पण कोणत्याही एका भाषेची ते मालमत्ता नव्हे.

आणि हा प्रश्न केवळ तत्त्वाचा नाही. जुलै २०२५ पासून ब्रिटनने, थोडे तात्पुरते अपवाद सोडून, पदवीच्या दर्जाखालचे बहुतेक सर्व धंदे या परवान्यातून वगळले. वृद्धांची व आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांची परदेशातून होणारी भरतीही बंद केली. म्हणजे माग दुरुस्त करणारा आमचा फिटर दाराशी पोहोचण्यापूर्वीच परत फिरला. उरला तो त्याचा शिकलेला मुलगा आणि परिचारिका झालेली मुलगी. उर्दू किंवा मराठी शाळेतून दहावी होऊन, मग इंग्रजी पुस्तकांशी झुंजत ज्यांनी अभियांत्रिकीची किंवा शुश्रूषेची विद्या मिळविली, अशी ही पिढी आहे. कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे कायम वस्तीसाठी जाऊ म्हणणाऱ्या आमच्या कुशल माणसाची तर पदवी इंग्रजीतून असली तरी परीक्षा टळत नाही. तेव्हा लंडनचा नियम हे केवळ निमित्त होय. जगातील अनेक दारांवर हीच जकात बसलेली आहे.

इंग्लंडचा आणि आपला व्यापारी करार २४ जुलै २०२५ रोजी झाला. आपल्याकडील बहुतेक मालावरील, आणि त्यात कापडावरील, आयातकर उठविण्याचे त्यात ठरले. या करारास आमचा विरोध नाही. मागांच्या गावाने त्यास विरोध का करावा? परंतु त्यातील एक विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. ठाणाला कोणी विचारीत नाही की, बाबा, तुला इंग्रजी कितपत येते. कापड शहाणे ठरून दारातून आत जाते, आणि ते विणणाऱ्या घरातील मुलाला मात्र बी-२ चे प्रमाणपत्र आणावयास परत पाठवितात!

या नियमाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे आम्ही टाळून जाणार नाही. त्यांचा पहिला मुद्दा सुरक्षिततेचा. रुग्णालयात औषधाची मात्रा चुकीची ऐकू आली तर माणूस दगावेल. म्हणून भाषा पाहिजे. हा मुद्दा निखालस खरा आहे. परिचारिकेस आणि वैद्यास रोग्याची भाषा आलीच पाहिजे, आणि ती बी-२ पेक्षाही अधिक आली तर उत्तमच. परंतु याच उदाहरणात पुरस्कर्त्यांची गोची होते. ब्रिटनमधील परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या परिषदेने परदेशी परिचारिकांस इंग्रजी लेखनात सातचा अंक सक्तीचा केला होता. पुढे परिचारिका कमी पडू लागल्या, आणि २०१८ मध्ये तोच अंक साडेसहावर आणण्यात आला. त्यायोगे रोग्यांवर काही संकट कोसळले असे कोणी म्हटलेले नाही. यावरून निष्कर्ष असा निघतो की, कामास किती भाषा लागते हे काम जाणणाऱ्या लोकांनी ठरविले तर ती पट्टी अनुभवाने वरखाली करता येते. सरकारने सर्व धंद्यांस एकच पट्टी लावली, की तिचा कामाशी संबंध सुटतो.

धंद्याप्रमाणे भाषा ठरविणे अशक्य आहे असेही नाही. कॅनडाने कुशल कारागिरांची जी स्वतंत्र योजना ठेवली आहे, तीत सुतार, वीजतंत्री वगैरेंकडून बोलण्या-ऐकण्याची पट्टी थोडी अधिक आणि वाचन-लेखनाची त्याहून कमी मागितली जाते. दोन्ही पट्ट्या पदवीधरांच्या पट्टीहून खालच्या आहेत. जपानने एप्रिल २०१९ पासून विशेष कसब असलेल्या कामगारांस जो परवाना देण्यास आरंभ केला, त्यास जपानी भाषेची प्राथमिक पायरी पुरते. तिच्या जोडीला त्या त्या धंद्याची परीक्षा असते. जपानी लोक आपल्या भाषेविषयी बेफिकीर आहेत असे कोणी म्हणणार नाही. त्यांस माणसे पाहिजेत, म्हणून त्यांनी कामापुरती भाषा मागितली. ज्याला गरज असते तो माप नेमके घेतो. ज्याला टाळावयाचे असते तो माप वाढवीत जातो.

दुसरा मुद्दा यापेक्षा वजनदार आहे. भाषा न येणारा मजूर परदेशी नागवला जातो. त्यास करार वाचता येत नाही, दाद मागता येत नाही. तेव्हा भाषेची अट त्याच्याच हिताची आहे, असे सांगतात. परक्या मुलखात मुक्या झालेल्या माणसाचे हाल कसे होतात हे आखाती देशांत मुले पाठविणाऱ्या गावांस सांगावयास नको. परंतु या दुखण्यावर औषध कोणते? ज्यास त्याचे श्रम पाहिजेत त्याने करार त्याच्या भाषेत लिहून द्यावा, आणि कामावर घेतल्यावर आपली भाषा आपल्या खर्चाने शिकवावी, हे औषध सरळ आहे. ज्याचे नुकसान होण्याची भीती, त्याच्याच डोक्यावर सारा खर्च आणि सारी जबाबदारी टाकावयाची, ही कसली काळजी?

या संबंधात आमच्या गावाची एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८१८ साली इंग्रजी फौजेने मालेगावच्या भुईकोट किल्ल्यास वेढा दिला, तेव्हा आतील अरब शिबंदीने नेटाने किल्ला लढविला. अखेर किल्ला खाली करण्याच्या वाटाघाटींत इंग्रजांकडून मराठीत एक कागद लिहून दिला गेला. इंग्रज सेनापतीच्या मनात होते त्याहून अधिक सवलत त्या कागदाच्या शब्दांतून निघते, असा पुढे वाद झाला. प्रकरण एल्फिन्स्टनसाहेबांपुढे गेले, आणि त्यांनी कागदाचा लाभ किल्लेकऱ्यांस दिला. म्हणजे जेता स्वतः जिताच्या मुलखातील भाषेत कागद लिहून देतो, आणि भाषेत राहिलेल्या ढिलाईचा तोटा आपल्या अंगावर घेतो. दोनशे वर्षांपूर्वी, तोफांचा धूर विरतो न विरतो तोच, हा न्याय सुचू शकत होता. आज शांततेच्या काळात, कामगार हवा म्हणून जाहिरात देणाऱ्यास तो सुचू नये याचे आश्चर्य वाटते.

तिसरा मुद्दा समाजाच्या एकजिनसीपणाचा. एका देशात राहणाऱ्यांस एक समान भाषा असावी, असे म्हणतात. असावी, त्यास आमची ना नाही. परंतु भाषा ही माणसांत राहून येते. पाण्यात पडल्यावाचून पोहणे येत नाही, आणि येथे तर पोहता आल्यावाचून पाण्याजवळ फिरकू देत नाहीत. शिवाय समान भाषेची ही कळकळ स्वतःच्या घरी किती आहे? आर्थिक सहकार संघटनेने २०२३ साली केलेल्या पाहणीत इंग्लंडमधील प्रौढांपैकी शंभरातले सुमारे १८ लोक वाचनात अगदी तळच्या पायरीवर आढळले. त्यांस कोणी देशाबाहेर काढीत नाही, आणि काढूही नये. पण जी पायरी गाठणे स्वतःच्या लाखो लोकांस जड जावे, ती परक्याकडून प्रवेशाची किंमत म्हणून घेणे म्हणजे पारख नव्हे.

आणि लँकशायरच्या आठवणीचे काय? दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील कापडगिरण्यांस रात्रपाळीस माणूस मिळेना. तेव्हा गुजरातेतून, पंजाबातून आणि पाकिस्तानातील मीरपूरकडून हजारो माणसे ब्लॅकबर्न, बोल्टन, ओल्डहॅम या गावांत गेली. त्यांतील बहुतेकांस इंग्रजी यथातथाच होते. १९६२ च्या कायद्याने कामाच्या परवान्यांची पद्धत सुरू झाली, तीतही इंग्रजीच्या परीक्षेचे कलम नव्हते. धोटे चालले, कापड निघाले, मालकांनी नफा घेतला. गिरण्यांचे भोंगे बंद झाल्यावर मग भाषेची आठवण झाली! गरज असताना ज्याचे मौन चालते, गरज सरल्यावर त्याचे व्याकरण तपासले जाते.

या परीक्षांची वंशावळ पाहिली म्हणजे आमच्या संशयास अधिक बळकटी येते. १८९७ साली दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीस हिंदी व्यापाऱ्यांचा व कारकुनांचा रीघ थांबवावयाचा होता. परंतु कायद्यात ‘हिंदी माणसास मज्जाव’ असे उघड लिहिणे साम्राज्याच्या शिष्टाचारास सोडून दिसले असते. तेव्हा युक्ती निघाली ती ही की, येणाऱ्याने आपला अर्ज कोणत्या तरी युरोपीय भाषेच्या लिपीत स्वहस्ते लिहून दाखवावा. त्याच वर्षी लंडनला वसाहतींच्या प्रधानांची परिषद भरली, आणि वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी हीच तोड इतर वसाहतींपुढे नमुना म्हणून ठेवली. यात अधिक बोलकी गोष्ट वेगळीच आहे. उसाच्या मळ्यांसाठी करारबंद करून जे हिंदी मजूर नाताळात नेले जात, त्यांस ही परीक्षा लागू नव्हती. ज्यांची पाठ पाहिजे होती त्यांचे अक्षर कोणी पाहिले नाही. जे स्वतःच्या भाड्याने, स्वतःच्या पायांवर उभे राहावयास येत होते, तेवढ्यांचेच पाहिले. मॉरिशसला आमचे रत्नागिरीकडील लोक गेले तेही असेच, एकही परीक्षा न देता.

ऑस्ट्रेलियाने १९०१ साली नाताळचा कित्ता गिरविला आणि गुरूवर ताण केली. तेथे अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचा उतारा लिहावा लागे. १९०५ साली ‘युरोपीय’ हा शब्द काढून ‘नेमून दिलेली कोणतीही भाषा’ असे करण्यात आले. १९३४ मध्ये एगोन किश नावाच्या युरोपीय लेखकास राजकीय कारणासाठी बाहेर ठेवावयाचे होते. त्यास अनेक भाषा येत होत्या. म्हणून त्याची परीक्षा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत घेतली! न्यायालयाने तो प्रकार रद्द ठरविला, पण कायदा १९५८ पर्यंत जिवंत राहिला. आजची परीक्षा इतकी निर्लज्ज नाही, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. तिचा अभ्यासक्रम जाहीर असतो, आणि तीत लक्षावधी माणसे उत्तीर्णही होतात. परंतु मूळ कल्पना तीच आहे: जे उघड बोलता येत नाही ते भाषेच्या तोंडून बोलवून घ्यावयाचे.

आता परीक्षेचे रूप पाहा. सुमारे पावणेतीन तासांत ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे. लिहिण्यात एक पत्र किंवा तक्त्याचे वर्णन दीडशे शब्दांचे आणि एक निबंध अडीचशे शब्दांचा. पूल बांधणाऱ्या अभियंत्याने चाळीस मिनिटांत एखाद्या सामाजिक प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडून दाखवावयाच्या! पूल कोसळू नये याची यात काय हमी मिळते ते आम्हांस कळलेले नाही. फी आपल्याकडे सुमारे १८,००० रुपये. बारा तासांची पाळी करणाऱ्या मागवाल्यास एवढी रक्कम किती आठवड्यांनी हाती लागते, हे आमच्या गावात कोणी सांगावयास नको. एका अंगात अर्धा अंक कमी पडला की पुन्हा बसावे आणि पुन्हा फी भरावी. सर्वांत गंमत अशी की, हे प्रमाणपत्र दोन वर्षांनी शिळे होते. लहानपणी शिकलेला पाढा जन्मभर टिकतो, पण अठरा हजारांचे इंग्रजी दोन वर्षांत आंबते! एके काळी याच भाषेचा आपण वाघिणीचे दूध म्हणून गौरव केला. दूध म्हटल्यावर नासणे ओघानेच आले असे समजावयाचे काय?

जेथे माणसाचे सारे भवितव्य एका कागदावर टांगले जाते, तेथे त्या कागदाचा बाजार भरावयाचाच. २०१४ साली लंडनमधील अशाच एका इंग्रजी परीक्षेत तोतये बसविल्याचे व उत्तरे वाचून दाखविल्याचे बीबीसीने उघडकीस आणले. लबाडी झाली होती यात शंका नाही. पण त्यावर सरकारने काय केले? तीस हजारांहून अधिक परीक्षार्थींचे निकाल अवैध ठरले. त्यांतील पुष्कळ विद्यार्थ्यांचे परवाने गेले, शिक्षण गेले, घरची अब्रू गेली. पुढे वर्षानुवर्षे भांडून त्यांतील कित्येकांनी आपली निर्दोषता न्यायासनापुढे सिद्ध केली. इंग्रजी उत्तम येणारी माणसेही त्यांत होती. त्यांचे इंग्रजी त्यांच्या उपयोगी पडले ते परवाना वाचविण्यासाठी नव्हे, तर फिर्याद लिहिण्यासाठी!

येथवर आम्ही परक्यांस बोल लावला. परंतु स्वतःच्या घरातील केर झाकून दुसऱ्याच्या अंगणावर टीका करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ही जकात प्रथम बसविली ती आपल्या देशात, आणि तिचे नाकेदार आता आपणच आहोत. १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणाने इंग्रजी शिक्षणास सरकारी पैसा लावला. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी सरकारी चाकरीत इंग्रजी शिकलेल्यास अग्रक्रम दिला. तेव्हापासून इंग्रजी येणे म्हणजे बुद्धी असणे, हे समीकरण आपल्या हाडीमांसी खिळले. आमच्याकडील आयटीआयमधून निघालेला वीजतंत्री ज्या कचेरीच्या तारा जोडतो, त्याच कचेरीत इंग्रजी अर्ज भरता येत नाही म्हणून तो ओशाळून उभा असतो. नाशिकच्या न्यायालयात त्याचा दावा मराठीत चालतो आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला की त्याचाच दावा त्याला समजेनासा होतो. लंडनने त्यास अडविले यात नवल ते काय?

आणि यावरचे आमचे उपाय तरी पाहा. खेडोपाडी इंग्रजी माध्यमाच्या शाळांची पाटी लावली म्हणजे इंग्रजी येते, असा एक भ्रम आहे. अशा कित्येक शाळांतून इंग्रजी तर येत नाहीच, पण ज्या भाषेत विचार करावयाचा तीही कच्ची राहते. दुसरीकडे, २०२१ पासून अभियांत्रिकीची पदवी मातृभाषेतून घेण्याची मुभा मिळाली, पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयात मराठीतून वर्गही निघाले. हा उपक्रम आम्हांस मनापासून प्रिय आहे. परंतु मराठीतून अभियंता झालेल्या मुलाचा पदवीच्या मार्गाने इंग्रजी सिद्ध करण्याचा हक्क जातो, आणि त्यास परीक्षेच्याच दारी जावे लागते, हे त्यास कोणी सांगितले आहे काय? मातृभाषेचा अभिमान शिकवावयाचा आणि त्या अभिमानाची फी मात्र गरिबाच्या मुलाकडून वसूल होऊ द्यावयाची, हा न्याय नव्हे.

आमचे म्हणणे इंग्रजीच्या विरुद्ध आहे असा कोणी अर्थ काढू नये. इंग्रजी हे हत्यार आहे आणि ते प्रत्येकाच्या हाती असावे. प्रश्न आहे तो हत्यार घडवून देण्याचा खर्च कोणी करावयाचा. याचे एक चांगले उदाहरण आपल्याच सरकारने घालून दिले आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, आणि जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांस जर्मन भाषा सरकारी खर्चाने शिकविण्याचे काम शालेय शिक्षण खात्याकडे सोपविले. जर्मन ही परकी, तिचे व्याकरण अवघड. तरी ती शिकविता येईल असे सरकारास वाटले. मग दीडशे वर्षे ज्या इंग्रजीच्या छायेत आपण वाढलो, ती कारागिराच्या मुलास कामापुरती शिकविणे का अशक्य व्हावे? डिसेंबर २०२४ मध्ये हे खाते ज्यांच्या हाती आले ते दादाजी भुसे आमच्याच मालेगावचे. त्यांस आमच्या मागांचा आवाज परका नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा. प्रत्येक आयटीआयमध्ये आणि शुश्रूषेच्या व तंत्राच्या प्रत्येक विद्यालयात त्या त्या धंद्याचे इंग्रजी शिकविले जावे, आणि ते मराठीतून व उर्दूतून शिकविले जावे. कारण अज्ञात वस्तू ज्ञात वस्तूच्या आधारानेच शिकता येते. परीक्षेची पहिली फी सरकारने द्यावी. परदेशांशी व्यापाराचे करार करताना कापडावरील कराबरोबर माणसावरील या कराचाही विषय काढावा, आणि भाषेची पट्टी धंद्यागणिक ठरावी असा आग्रह धरावा. परदेशी मालकाने करार कामगाराच्या भाषेतही लिहून द्यावा, अशी अट आपल्या कायद्यात असावी. यांत अशक्य असे एकही कलम नाही. फक्त दिल्लीच्या आणि मुंबईच्या कचेऱ्यांनी कारागीर हा विचारवंतांइतकाच देशाचा प्रतिनिधी आहे, असे मानावयास शिकले पाहिजे.

इंग्रजी उत्तम येणे आणि इंग्रजीचा धाक न बाळगणे, या दोन गोष्टी एका माणसात नांदू शकतात. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. कायदेमंडळात त्यांच्या इंग्रजी भाषणांपुढे इंग्रज अधिकारीही जपून बोलत. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदू यांच्यापुढे बोलण्याचा प्रसंग आला, तेव्हा गांधींनी त्यांस मराठीत बोलण्याची विनंती केली, आणि हिंदुस्थानीत भाषांतर करण्याचे काम स्वतःकडे घेतले. गांधींचे मराठी ते किती, म्हणून गोखले प्रथम हसले. पण बोलले ते मराठीतच, आणि पुढे झांजिबारपर्यंत त्यांनी तोच क्रम ठेवला. ज्या भूमीवर पंधरा वर्षांपूर्वी युरोपीय अक्षर हेच माणूसपणाचे माप ठरविण्यात आले होते, त्याच भूमीवर त्या काळातील एका श्रेष्ठ इंग्रजी वक्त्याने कष्टकऱ्यांच्या भाषेस व्यासपीठ दिले. त्यांस इंग्रजी येत होते म्हणून त्यांचा मान राहिला असे नाही. कोणत्या कामास कोणती भाषा लागते हे त्यांस कळत होते म्हणून राहिला.

जकात या शब्दाचे आमच्या गावात दोन अर्थ आहेत. एक पूर्वी नाक्यावर वसूल होणारी, आणि दुसरी संपन्नाने आपल्या कमाईतून गरजवंतास देण्याची. पहिली माल अडवून घेतली जात असे, दुसरी आपण होऊन दिली जाते. इंग्रजी ज्यांस येते त्यांनी ती दुसऱ्या अर्थाने वाटावयास आरंभ करावा. पहिल्या अर्थाने ती वसूल करणारे नाकेदार जगात पुष्कळ आहेत. त्यांत आपली भर नको.